बिडलवर्थचं स्थळ

माणसाला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं की त्याला इंग्लंडची उणीव भासू लागते. अडीचशे वर्षांपूर्वी ज्यांनी इंग्रजांचा चहा पेट्यांसकट समुद्रात बुडवला, त्यांचेच वारस आज शनिवारी सकाळी दात घासायच्या आत इंग्रजांचा फुटबॉल लावून बसतात, आणि जे गाव नकाशावर दाखवता येणार नाही त्या गावाच्या अकरा माणसांसाठी डोळ्यांतून पाणी काढतात. यात हसण्यासारखं काही नाही. स्वातंत्र्य मिळालं की साहेबाची आठवण येतेच (आपल्याकडच्या इंग्रजी शाळांच्या प्रवेशाच्या रांगा पाहाव्यात).

सौमित्र हेमचंद्र कर्णिक, मूळ राहणार हिंदमाता, दादर, हल्ली मुक्काम न्यू जर्सी, याला हे नागरिकत्व गेल्या वर्षी जूनमध्ये मिळालं. ऑगस्टमध्ये त्याच्या साहेबाने कॉफीच्या यंत्रापाशी विचारलं, "तू कोणत्या क्लबचा?" सौमित्रने खरं ते सांगितलं, की कोणत्याच नाही. "गाव कुठलं?" या प्रश्नाला "गाव नाही" असं उत्तर मिळाल्यावर आपल्याकडे जसा चेहरा होतो, तसा साहेबाचा झाला. विभागातले बाकीचे तेरा अमेरिकन कुठल्या ना कुठल्या इंग्रज क्लबचे होते. शनिवारी ते एकत्र बसत आणि सोमवारी एकमेकांची बढती ठरवत.

हा प्रसंग सौमित्रने रविवारच्या फोनवर वडिलांना सांगितला. त्यामागे हेतू काही नव्हता, बोलायचे विषय संपले होते. हेमचंद्र कर्णिक एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत सदतीस वर्षं काढून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले. त्यामुळे मुलाच्या फोनची ते वही ठेवतात. वहीप्रमाणे मागच्या तीन वर्षांची सरासरी तीन मिनिटं चाळीस सेकंद. पैकी तिकडचं हवामान पन्नास सेकंद, इकडचं दहा सेकंद (इकडे उकडतं), आईचा गुडघा एक मिनिट, औषधं घेता ना वीस सेकंद, आणि उरलेला वेळ "बाकी काय?" आणि "बाकी काही नाही" यांच्यात समान वाटलेला. मुलाला तिकडे जाऊन चौदा वर्षं झाली होती. हेमचंद्रांना त्याच्याकडून ना डॉलर हवे होते ना तिकीट. वहीतला आकडा वाढावा, एवढी एकच इच्छा होती, आणि ती सांगायला वहीत रकाना नव्हता.

त्या रविवारी आकडा अकरा मिनिटांवर गेला.

"क्लब असा रस्त्यावरून उचलून आणायचा नसतो," हेमचंद्र म्हणाले. "चौकशी करावी लागते. तू यात पडू नकोस. आम्ही बघतो."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सौमित्रने लग्न परस्पर जमवलं होतं. ओवी गुणी मुलगी, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण आईवडिलांना कळलं तेव्हा चौकशी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. एकुलत्या एका मुलासाठी साठवून ठेवलेली चौकशी हेमचंद्र आणि नलूताई यांच्या पोटात सात वर्षं तशीच पडून होती. ती आता कामी आली.

नलूताईंनी जेवणाच्या टेबलावर अटी सांगितल्या आणि हेमचंद्रांनी त्या लिहून घेतल्या. घराणं जुनं हवं. फार श्रीमंत नको, श्रीमंताघरचे आपल्याला दारात उभं करत नाहीत. सारखा जिंकणारा नको, डोक्यावर बसतो. गाव लहान असलं तरी चालेल, माणसं मोठी हवीत. आणि सगोत्र तर नकोच नको.

या शेवटच्या अटीने मोठा घोळ केला. चौकशीअंती असं निष्पन्न झालं की इंग्लंडातल्या कितीतरी नावाजलेल्या क्लबांचे मालक अमेरिकन आहेत. मुलगा अमेरिकन, क्लबचा मालक अमेरिकन, म्हणजे उघडच एक गोत्र. असे सगळे क्लब पहिल्या फेरीतच बाद झाले. सौमित्र म्हणाला, "बाबा, त्यातलेच तर चांगले आहेत." हेमचंद्र म्हणाले, "चांगलेच असतात रे. प्रश्न पुढच्या पिढीचा असतो."

उरलेल्यांची छाननी तळमजल्यावर झाली. तिथे साड्यांचं दुकान आहे आणि गल्ल्याच्या उजवीकडे रामदास नावाचे गृहस्थ चाळीस वर्षं साड्या उलगडतात. हेमचंद्रांनी मोबाइलवर जर्स्यांचे फोटो धरले. एका लालभडक क्लबकडे बघून रामदास म्हणाले, "साहेब, हा पहिल्याच धुण्यात सोडणार. बाकीचे कपडे पण घेऊन जाणार." एका निळ्याला त्यांनी "कृत्रिम आहे" म्हणून बाजूला सारलं. शेवटी एका फोटोवर बोट थांबलं. "हा आमसुली. काठ मोतिया. हा टिकतो. पण आजकाल कोण घेत नाही हो, नलूकाकींना विचारा."

तो बिडलवर्थ टाऊन होता. चौथी श्रेणी, तळातून पाचवा. मैदानाच्या एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला बंद पडलेली सूतगिरणी. रामदासांचे वडील परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, त्यामुळे गिरणीचा फोटो त्यांनी जर्सीपेक्षा जास्त वेळ पाहिला.

हेमचंद्रांनी क्लबला रीतसर पत्र लिहिलं. विषय: आमचे चिरंजीव यांनी आपले समर्थन करण्याबाबत. सोबत चिरंजीवांचा उभा फोटो, शिक्षण, नोकरी, रक्तगट. विचारणा अशी: स्थापनेची तारीख, वार, वेळ व ठिकाण. सध्याचे समर्थक सुखी आहेत काय? घरात कोणाला व्यसन?

अशा पत्राला उत्तर येत नाही असा सार्वत्रिक समज आहे. नवव्या दिवशी आलं. तिकीट खिडकीवर सेवाभावाने बसणाऱ्या डोरीनबाई, वय एकाहत्तर, यांनी मुद्देसूद लिहिलं होतं. स्थापना अकरा ऑक्टोबर अठराशे एकोणनव्वद, शुक्रवार, सायंकाळी अंदाजे साडेसात, दुसरा ग्लास संपल्यावर आणि तिसरा येण्याआधी, ओढ्याकाठच्या गुत्त्याच्या माडीवर. समर्थक सुखी आहेत काय: एकोणीसशे चौसष्ट साली होते. व्यसन: सर्वांना. शेवटी त्यांनी विचारलं होतं की तुमच्या मुलाला थंडी सोसते ना, कारण आमच्या स्टँडला एक भिंत कमी आहे.

"बाई सरळ आहे," नलूताई म्हणाल्या. "काही लपवलं नाही."

पत्रिका दादरच्या ज्योतिष्यांना दाखवली. छत्तीसपैकी साडेसव्वीस गुण जुळले. मंगळ होता, पण ज्योतिषी म्हणाले की चौथ्या श्रेणीत तो चालतो. होकार कळवला गेला. बिडलवर्थने सौमित्रला परदेशी सभासद क्रमांक एक केलं, आणि एवढी मेहनत घेतली म्हणून हेमचंद्रांना क्रमांक दोन. सदतीस वर्षं ज्येष्ठता याद्या सांभाळलेल्या माणसाला आपण मुलाच्या खाली लागलो याचं आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं.

मग शनिवार सुरू झाले. चौथ्या श्रेणीचा सामना कोणी टीव्हीवर दाखवत नाही. क्लबच्या संकेतस्थळावर दोन म्हातारे बोलतात, ते ऐकायचं. एक म्हातारा खेळाबद्दल बोलतो, दुसरा मटणाच्या पायबद्दल (हा इंग्रजांचा पाय, म्हणजे मटण भरून भाजलेली मोठी करंजी). इकडे दिवेलागण झालेली, तिकडे न्यू जर्सीत सकाळ, आणि मध्ये फोन चालू. वहीत आता एक तास बावन्न मिनिटं, एक तास अठ्ठावन्न मिनिटं असे आकडे पडू लागले. एकदा बिडलवर्थने पेनल्टी अडवली तेव्हा नलूताईंनी उकडीचे मोदक वाफवायला ठेवले होते ते तसेच सोडले आणि पातेल्यातलं पाणी आटू दिलं.

फुटबॉलचा एक गुण असा, की त्यात बराच वेळ काही होत नाही. त्या वेळात माणूस बोलतो. डिसेंबरात बिडलवर्थ तीन गोलांनी मागे असताना सौमित्र म्हणाला, "बाबा, दुसऱ्या वर्षी माझी नोकरी गेली होती. पाच महिने. तुम्हाला सांगितलं नव्हतं." हेमचंद्रांना त्या पाच महिन्यांतल्या नोंदी पाठ होत्या. सरासरी तीन मिनिटं, हवामान चांगलं. ते म्हणाले, "कॉर्नर मिळालाय वाटतं." आणि चष्मा काढून पुसला. इतका आनंद त्यांना मुलाच्या नोकऱ्या लागल्या तेव्हाही झाला नव्हता.

फेब्रुवारीत न्यू जर्सीच्या कार्यालयात साहेब बदलला. नव्या बाई लंडनच्या एका मोठ्या क्लबच्या होत्या. आठवड्याभरात तेराचे तेरा अमेरिकन लहानपणापासून त्याच क्लबचे निघाले.

"बाबा, एक सांगायचंय," सौमित्र म्हणाला. "मी क्लब बदलतोय."

"बदलतोयस म्हणजे? नोंद झालीये."

"सगळी टीम तिकडे गेलीये. मी एकटाच बिडलवर्थ, बिडलवर्थ करत बसू का?"

"तिचं काय चुकलं?"

"चुकलं काही नाही. हरतात, बाबा."

"हरणं हा दोष नाही. आम्ही लिहून घेतलं होतं ते."

"अहो, क्लब आहे तो! आपलं काय नातं?"

हेमचंद्रांनी वही मिटली. या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते बिडलवर्थबद्दल नव्हतं. तेव्हा नलूताईंनी फोन हातात घेतला.

"सौमित्र, तू मोठा झालास, तुझं तू बघ. पण पोर आम्ही बघून आणलीये. ती आमच्याकडे राहील."

लंडनच्या क्लबचे सामने वेगळ्या वेळी असत आणि सौमित्र ते कार्यालयातल्या मंडळींसोबत पाहत असे. वहीत पुन्हा तीन मिनिटं चाळीस सेकंद आले. गुडघ्याला मात्र एक मिनिट दहा सेकंद मिळू लागले, कारण गुडघा वाढला होता. बिडलवर्थहून पत्र आलं की क्रमांक एक यांनी राजीनामा दिल्याने क्रमांक दोन यांना क्रमांक एक करण्यात येत आहे. रिक्त जागेवर, सेवाज्येष्ठतेने. नोकरीत असताना अशा एका बढतीसाठी हेमचंद्रांनी अकरा वर्षं वाट पाहिली होती. हे पत्र त्यांनी दोनदा वाचलं आणि देव्हाऱ्याच्या खणात, दिसणार नाही असं ठेवलं.

हंगामाचा शेवटचा सामना. बरोबरी झाली असती तरी बिडलवर्थ वाचला असता. रामदास दुकान लवकर बंद करून वर आले आणि येताना आमसुली रंगाचा, मोतिया काठाचा दुपट्टा घेऊन आले. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, बिडलवर्थच्याच बचावपटूकडून, बिडलवर्थच्याच जाळ्यात. मटणाच्या पायबद्दल बोलणारा म्हातारा प्रथमच बोलेनासा झाला. चौथी श्रेणी गेली. "पडत्या काळात तरी आपली माणसं जवळ हवीत," नलूताई म्हणाल्या, आणि डोरीनबाईंना भरलेल्या डोळ्यांनी मेसेज पाठवला. ओवीचाही एक मेसेज आला होता: "आई, मी ऐकत होते. ह्यांना सांगू नका."

आता इतरांचं. ही हकिगत जिन्यावरून खाली गेली आणि हिंदमाता ओलांडून परळपर्यंत पोचली. ज्यांची मुलं डॅलसला, सिडनीला, हिंजवडीला किंवा वरच्याच मजल्यावर राहतात, असे लोक शनिवारी संध्याकाळी कर्णिकांकडे येऊन बसू लागले. गणपतीच्या आधी मंडळ रीतसर स्थापन झालं. बिडलवर्थ टाऊन समर्थक मंडळ, दादर-परळ विभाग. सभासद त्रेचाळीस. पैकी फुटबॉल कळणारे शून्य (सभासद मालनताई यांना ऑफसाइडचा नियम कळतो, परंतु मान्य नाही). इंग्लंडबाहेर बिडलवर्थची एवढी माणसं कुठेच नाहीत, असं डोरीनबाई कळवतात. पाचव्या श्रेणीत सध्या तळातून दुसरा.

सभासदत्वाचा अर्ज हेमचंद्रांनी स्वतः तयार केलाय. अर्ज सोपा आहे. रकाना सातमध्ये अपत्याचं नाव, रकाना आठमध्ये गेल्या रविवारच्या फोनचा कालावधी. पाच मिनिटांहून जास्त असल्यास अर्ज नामंजूर, कारण अशा माणसाला क्लबची गरज नाही.

चव्वेचाळिसावा अर्ज कालच आला. अर्जदार बाईंनी रकाना आठमध्ये आधी दोन मिनिटं लिहिलं, मग ते खोडून सहा केलं. हेमचंद्रांनी समजावलं की सहा लिहिलंत तर तुम्हाला घेता येणार नाही. बाई म्हणाल्या, "नका घेऊ. पण दोन राहू देऊ नका. वाईट दिसतं ते. मुलं कामात असतात हो."

खाडाखोड झाली की तिच्यावर सही लागते, आणि नियमाप्रमाणे ती अपत्याचीच लागते. म्हणून अर्ज तूर्त अडकवून ठेवलाय. हा मजकूर इथवर वाचायला तुम्हाला नऊ-दहा मिनिटं लागली असतील. त्या अर्जात रकाना सातमध्ये, अपत्य म्हणून, नाव तुमचं आहे.