चार ब्रशांची खोली

पालिकेची नोटीस जिन्यापाशी लागली आणि इमारतीतल्या लोकांची झोप उडाली. कमी भाड्याच्या या बारा खोल्या पालिकेच्या. नियम असा की एका खोलीत चारपेक्षा जास्त माणसं नकोत आणि दोनपेक्षा कमी नकोत. सोमवारी मोजणी होती. 'जादा माणसे आढळल्यास योग्य तो निर्णय घेण्यात येईल,' असं खाली लिहिलेलं. आता ऑफिसातून निघालेला योग्य निर्णय आजवर कुणाच्या भल्याचा झालाय? सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की सामान रस्त्यावर.

पाच नंबरात नर्सबाई राहायची. ती, बस चालवणारा नवरा, दोन मुली आणि पाचवे आबा, म्हणजे सासरे. सासूबाई गेल्यावर तीच त्यांना हट्टाने घेऊन आली होती. ती कामावरून आली की आबा काही न विचारता तिच्यापुढे चहाचा कप ठेवायचे. त्या कपावर तिचा दिवस तरायचा.

"मोजणीचे साहेब माणसं मोजत नाहीत," नवऱ्याने बातमी आणली. "माणसं लपतात. ते मोरीतले ब्रश मोजतात."

"आबांना कुठे ब्रश आहे?"

"कवळीची वाटी आहे ना! तीपण धरतात म्हणे."

नर्सबाईने डोकं चालवलं. मोजणी एक नंबरपासून सुरू व्हायची आणि बाराला संपायची. बारा नंबरात घड्याळकाका. घड्याळं दुरुस्त करायचे, एकटे आणि महातिरसट. एकटे म्हणजे नियमाप्रमाणे त्यांची रवानगी पालिकेच्या वसतिगृहात ठरलेली.

"काका, तासभर आमच्या आबांना ठेवून घ्या. चुलतभाऊ म्हणून सांगा."

"माझा सख्खा भाऊ माझ्याशी बोलत नाही."

"हे बोलतील. तुमचंही भागेल, आमचंही."

काकांनी विचार केला. "तासभरच. आणि घड्याळांना हात लावायचा नाही."

सोमवारी आबा इस्त्रीचा सदरा घालून, हातात कवळीची वाटी घेऊन दारात उभे राहिले.

"सूनबाई, मी काही चोरीबिरी केलीय का ग?"

"नाही हो आबा. तासाभराचा तर प्रश्न आहे."

तिने त्यांच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. आबा निमूटपणे निघाले आणि तीही मोरी आवरायला लागली.

बारा नंबरात तीन नंबरची आजी ब्रश घेऊन आधीच बसली होती. अक्कल काही एकट्या नर्सबाईच्याच वाट्याला आली नव्हती. मागोमाग एक नंबरचे मामा आले, सातची विधवा आत्या आली, नऊ नंबरचे दोन काका आले. प्रत्येकाच्या हातात आपापला ब्रश.

"काका, एवढ्या आमच्या मावशीला—" दारातून आणखी कुणीतरी म्हणालं.

"कुठे ठेवू? भिंतीवर टांगू?" काका ओरडले. पण टांगायलाही जागा नव्हती, सगळीकडे घड्याळं. दहा वाजेपर्यंत त्या खोलीत नऊ पाहुणे, आठ ब्रश आणि एक वाटी जमा झाली.

तिकडे साहेब खोल्यांमागून खोल्या बघत होते. चार ब्रश. चार ब्रश. पुन्हा चार. दर खोलीगणिक त्यांचा चेहरा उतरत होता. बारा नंबरच्या दारात मात्र ते थबकले.

"हे सगळे इथेच राहतात?"

काकांनी नऊ चेहऱ्यांकडे पाहिलं. नाही म्हणावं तर या सगळ्यांची घरं बुडणार.

"भाऊबंद आहेत," ते खेकसले. "टाकून देऊ का?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग एकेकाचं नाव वहीत लिहून समोर सही घेतली. आबांनीही केली.

"बरं झालं, तुम्ही तरी सापडलात," साहेब म्हणाले. "दाटीत राहणाऱ्यांसाठी मोठ्या घरांची इमारत बांधून तयार आहे. पण दाटीच सापडेना!"

मागे दाराशी उभी असलेली नर्सबाई पुढे आली.

"साहेब, पाच नंबरातसुद्धा..."

"तुमच्याकडे चार ब्रश. मी स्वतः मोजले." साहेबांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "का? माहिती खोटी होती? मग खोली जाते हं, दोन्हीकडची."

ती पाऊलभर मागे सरकली. सगळेच सरकले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. घड्याळकाका आणि नऊ भाऊबंद, चार खोल्यांचं घर, दोन बस बदलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मोजणी दर तीन महिन्यांनी. एका माणसाचं नाव एकाच घरात. खरं बोलावं तर बाराही खोल्यांना कुलूप.

आबांनी पिशवी स्वतःच भरली.

"आबा, थांबा ना. काहीतरी मार्ग काढू."

"काय काढणार, पोरी? माझं नाव तिकडे लागलंय. इथे मी पाहुणा." मग तिचा चेहरा बघून ते घाईघाईने हसले. "त्या घड्याळकाकाला चहा करता येत नाही म्हणे. उपाशी मरायचा तो."

नवऱ्याने पिशवी उचलली. नातींनी आजोबांना कोपऱ्यापर्यंत सोडलं. नर्सबाईची कामाची वेळ झाली होती. ती जिन्यातच उभी राहून रडली आणि तशीच कामावर गेली.

संध्याकाळी ती परत आली, सवयीने खुर्चीत बसली आणि बराच वेळ बसून राहिली. मग उठून तोंड धुवायला मोरीत गेली. फळीवर वाटीचा गोल डाग होता आणि शेजारी चार ब्रश. खोली आता अगदी नियमाप्रमाणे होती.