निएवेसचे काळे बूट

फेलिसिंगला फुकट वकील हवा होता. फुकट वकील मिळायला माणूस गरीब असावा लागतो आणि वकिलाच्या दारातून आत जायला तो गरीब दिसून चालत नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांच्या पायात बूट होते.

भांडण वाटेचं. शेजारीण लुदिंगनं चिंचोळ्या बोळात डुकरासाठी फळ्यांचं कुंपण घातलं. माणूस अंग चोरून जाई, चाकांची खुर्ची जात नसे. ती खुर्ची बोळाच्या तोंडाशी, म्हाताऱ्या निएवेसच्या पडवीत पडून राहिली. फेलिसिंगचा नवरा इमो कमरेखाली लुळा. दवाखान्याच्या दिवशी ती त्याला पाठुंगळी घेऊन खुर्चीपर्यंत आणायची. वस्तीच्या पंचांपुढे समेटाला बसले, तर लुदिंगनं पातेलंभर शेवया आणल्या. पंच जेवले, ढेकर दिले, विषय राहिला. शिवाय लुदिंग फेलिसिंगच्या मुलाची धर्ममाता, म्हणजे तिची कुमारे. तिच्याच शेवया खाताना तिला बोलणार कोण?

पहिल्या दिवशी फुकट वकिलांच्या कचेरीच्या दारात पहारेकऱ्यानं पायाकडे बोट दाखवलं.

"चपला चालत नाहीत, नानाय," तो आईशी बोलावं तसा म्हणाला.

"चपलाच आहेत बाबा. पाय काढून ठेवू?"

"पाटी वाचा."

दुसऱ्या दिवशी तिनं निएवेसचे काळे चकचकीत बूट घातले, म्हातारीनं आपल्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेला घेतलेले. निएवेसनं वर आपली कानातलीही अडकवली. कारकुनाची नजर थेट कानांवर गेली.

"तुम्हाला परवडेल की वकील."

"उसनी आहेत हो!"

"सगळे तेच म्हणतात."

तिसऱ्या दिवशी फेलिसिंग शहाणी झाली. दार ओलांडेपर्यंत बूट, आत गेल्यावर बूट पिशवीत आणि टेबलापाशी फटक फटक चपला. कारकून विरघळला. "बसा. वकीलबाई बोलावतील."

एवढ्यात दारात ओळखीचा आवाज चढला. लुदिंग! पहारेकरी तिच्या चपलांकडे बोट दाखवत होता.

"कुमारे," लुदिंग जाळीतून कुजबुजली, "पिशवीत निएवेसचे बूट आहेत ना? दे की जरा."

"माझ्याविरुद्ध वकील आणायला?"

"मग काय अनवाणी हरू?"

 फेलिसिंग शिव्या घालत बाहेर आली आणि बूट तिच्यापुढे आपटले.

लुदिंगचे पाय उन्हानं सुजलेले. उजवा बूट कसाबसा चढला आणि तिथंच रुतला. फेलिसिंगनं ओढला, पहारेकऱ्यानं ओढला, वकीलबाईंचं जेवण व्हायला आलं. बूट निघेना. दोघींचेही नंबर गेले.

बोळाच्या तोंडाशी येईतो लुदिंग लंगडून रडकुंडीला आली. फेलिसिंगनं पडवीतली खुर्ची काढली.

"बस."

"इमोची आहे ती."

"बस म्हणते ना! तो कुठं फिरायला निघालाय?"

चाकं कुरकुरत निघाली आणि डुकराच्या कुंपणाला धडकून थांबली.

"आता गं?" लुदिंग म्हणाली. "पुढं कशी जाऊ?"

फेलिसिंग तिच्यापुढे पाठ करून वाकली. "चढ. त्याला अशीच नेते."

लुदिंगनं त्या पाठीकडे बघितलं. मग खुर्चीचा दांडा धरून उठली आणि रुतलेल्या बुटानंच कुंपणाला लाथ घातली.

बूट निघाला नाही. पहिली फळी निघाली.