पॅनेलपुढची तीन फूट जागा

वेंडेल क्रूगरने मागच्या दाराशेजारच्या कोटांच्या कपाटात डोकं घातलं, आतल्या विजेच्या पॅनेलवर टॉर्च फिरवला आणि म्हणाला, "हे जरा वेगळंच केलंय."

मार्सीने घड्याळात पाहिलं. मिनेसोटाच्या त्या भागात माणसं कशालाही वाईट म्हणत नाहीत. शेजारणीचा केक जळला तर तो वेगळा होतो. जावयाने नोकरी सोडून मधमाश्या पाळल्या तर तेही वेगळं असतं. विजेच्या कामाचा सरकारी तपासनीस नव्या घरात येऊन 'वेगळं' म्हणाला, म्हणजे घर नापास.

आणि आज नापास होऊन चालणार नव्हतं. उद्या हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू. आज चारच्या ठोक्याला वेंडेल नारिंगी जाकीट चढवून उत्तरेकडच्या जंगलात जाणार, तो दहा दिवस कुणाला दिसणार नाही. त्याच्या सहीशिवाय नव्या घरात राहायला जाता येत नाही, आणि आईच्या जुन्या घराच्या किल्ल्या नव्या मालकाला द्यायच्या होत्या उद्या दुपारी बारा वाजता. मधले दहा दिवस आईला फिलिस आत्याकडे काढावे लागले असते. त्या दोघी नाताळातसुद्धा दोन तासांच्या वर एका खोलीत बसलेल्या नव्हत्या.

घर आखलं होतं मार्सीच्या बाबांनी. ऑर्विल हॉगन एक्केचाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. आपल्यासाठी आणि बायकोसाठी, आर्डिससाठी, लेकीच्या अंगणापलीकडे, एकही पायरी नसलेलं घर. फेब्रुवारीत ते गेले, एप्रिलमध्ये जमीन मऊ झाल्यावर पाया खणला. नकाशावर पॅनेलच्या जागी त्यांची पेन्सिलची फुली होती, फुलीपुढे तुटक रेघांचा चौकोन आणि चौकोनात ठळक अक्षरं: 'इथे काहीही ठेवू नये. ड्वाइट, तुलाही सांगतोय.'

ड्वाइट म्हणजे मार्सीचा नवरा. त्याने नकाशा पाहिला, तेव्हा नेमका त्या चौकोनावर त्याचा कॉफीचा मग होता.

"कपड्यांच्या कपाटात पॅनेल घेत नाहीत, मार्सी," वेंडेल हळू आवाजात म्हणाला. "कोट पेटतात."

"इथे कपाट नव्हतंच! नुसती भिंत होती!" मार्सीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताकडे पाहत होता.

"तुझ्या आईला ती करडी पेटी बघवत नाही ना," ड्वाइट म्हणाला. "जुन्या घरात चाळीस वर्षं तिने तिच्यावर कॅलेंडर टांगलं. म्हटलं, कपाटात झाकली तर तिला जरा आनंद होईल."

"मला विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तू करू दिलं असतंस?"

ड्वाइटने घाईघाईने कपाटाचं दार आणि आतला दांडा काढला. "आता हे कपाट नाही," तो म्हणाला. "नुसता कोनाडा."

"तसं म्हणता येईल," वेंडेलने कबूल केलं आणि टेप लावली. "रुंदी साडेअठ्ठावीस इंच. तीस लागतात."

"दीड इंचाने काय बिघडतंय?"

"दीड इंचात कोपर अडकतं. कोपर अडकलं की माणूस अडकतो. तुझा सासराच सांगायचा."

म्हणून कोनाड्याची एक बाजूही गेली. करवत चालली, भुसा उडाला, मार्सीच्या केसांत बसला. फळ्या खाली आल्या आणि त्यांच्या आड इतका वेळ निवांत उभा असलेला फ्रीझर सर्वांसमोर आला. पॅनेलपासून जेमतेम दोन फुटांवर.

तिघांनी फ्रीझरकडे पाहिलं.

"समोर तीन फूट मोकळं पाहिजे," वेंडेल म्हणाला. त्याला स्वतःलाच वाईट वाटत होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. "काय म्हणतोय वेंडेल?"

"वेगळं आहे म्हणाला."

"अरे देवा," आई म्हणाली. "फिलिसला कळवू नकोस अजून."

फ्रीझर या घरात सगळ्यांत आधी आला होता. 'आधी तो, मग मी,' असं आईनेच बजावलं होतं. कारण त्यात एकोणीस हॉटडिश होत्या. बाबा गेले त्या आठवड्यात चर्चमधल्या बायकांनी आणून दिलेल्या. खाली शेवया आणि खिमा, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर, आणि भांडं परत करता यावं म्हणून तळाला चिकटपट्टीवर प्रत्येकीचं नाव. नऊ महिने आईने त्यातली एकही उघडू दिली नव्हती. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

भरलेला फ्रीझर तसूभरही हलेना. मग तिघांनी रांग केली आणि काचेची भांडी एकेक करून बाहेर थंडीत दारापुढच्या फरशीवर नेऊन ठेवली.

"तपासनीस म्हणून मला तसा हात लावता येत नाही," वेंडेल प्रत्येक फेरीला म्हणत होता. एका भांड्याखालचं नाव वाचून तो थबकला. "डोरीनची. ही... वेगळी असते."

"माहितीये," मार्सी म्हणाली. त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली.

रिकामा फ्रीझर ढकलताना पॅनेलचं थंड पत्र्याचं झाकण तिच्या खांद्याला लागलं. जुन्या घरातलं पॅनेल स्वयंपाकघरात होतं. वादळात दिवे गेले की बाबा टॉर्च न लावता बोटांनी खटके मोजत जायचे. गाईच्या पाठीवर ठेवावा तसा पेटीवर हात ठेवायचे. दिवे आले की मागे वळून म्हणायचे, "हं. आता दिसता सगळे."

वेंडेलने पुन्हा टेप लावली. सव्वाछत्तीस इंच. चार वाजायला वीस मिनिटं होती. त्याने शेवटचं म्हणून पॅनेलचं झाकण उघडलं, आणि झाकणाच्या आतल्या बाजूचं कार्ड वाचू लागला.

कोणता खटका कशाचा, याची ती यादी बाबांच्या हातची होती. घर अजून कागदावर होतं, तेव्हाच जानेवारीत त्यांनी ती लिहून ठेवली होती आणि काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनने तशीच चिकटवली होती. सहा: आर्डिसचं शिवणयंत्र. नऊ: मार्सी वाचत बसेल ती खुर्ची. चौदा: आमची खोली.

"हे चालत नाही," वेंडेल म्हणाला.

दोन तासांत पहिल्यांदा तो सरळ बोलला होता. ड्वाइटने टोपी काढली.

"खोलीत कोण राहतं, त्यावरून नाव द्यायचं नाही, असा नियम आहे. माणसं बदलतात. खोली तिथेच राहते." वेंडेल कार्डाकडेच पाहत होता. "तीस वर्षं सांगितलं मी त्याला. दरवेळी लिहायला लावायचो दुसरं."

"मग बाबा काय म्हणायचे?"

"म्हणायचा, वेंडेल, वीज काय खोलीला लागते?"

त्याने बॅगेतून कोरं कार्ड काढून दिलं. मार्सीने गुडघ्यावर ठेवून लिहायला घेतलं. सहा: पूर्वेकडच्या भिंतीचा प्लग. नऊ: बैठकीची खोली, खिडकीजवळ. चौदाशी आल्यावर तिचं पेन थांबलं. कुणी घाई केली नाही. मग तिने लिहिलं, 'आग्नेयेकडची झोपायची खोली.' अक्षर तिचंच होतं, पण चांगलं आलं नव्हतं.

वेंडेलने नवं कार्ड जुन्यावरच लावलं. चिकटपट्टी फक्त वरच्या कडेला. खालून बोट घालून उचललं तर उचलता येईल, असं. मग झाकणाला पास झाल्याचा हिरवा कागद टेकवून त्यावर सही करू लागला.

"तुमच्या घराचं विजेचं काम बाबांनीच केलं होतं ना?" मार्सीने विचारलं. "तिथे काय लिहिलंय?"

"अकरा नंबरवर 'लोइसचा रेडिओ' आहे."

लोइस त्याची बायको. तिला जाऊन आठ वर्षं झाली होती.

"आणि ते चालतं?"

"छे, मुळीच नाही," वेंडेल म्हणाला. त्याने सहीखाली तारीख घातली, पेनाचं टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. "पण माझ्या घराच्या तपासणीला मला अजून वेळच मिळालेला नाही."