नखावरची धार

किसनतात्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख एकदा नव्या तलाठ्याच्या नजरेस पडलं, तर त्याने गट नंबर विचारला. इतक्या रेघा होत्या त्यावर. खोटं वाटत असेल तर कर्जतच्या पेठेत कुणालाही विचारा. फक्त तलाठ्याला विचारू नका. त्याची बदली झाली.

तात्या माझ्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालत. म्हणजे लोकांची तशी समजूत होती. प्रत्यक्षात ते छिन्नीला धार लावत. तेल पिऊन काळाभोर झालेल्या दगडावर छिन्नी घासायची आणि टोक नखावर टेकवायचं. घसरलं तर धार नाही, रुतलं तर आहे. साधी परीक्षा. पण तात्यांची छिन्नी त्या परीक्षेत, दहावीला बसलेल्या माझ्या मेव्हण्यासारखी, वारंवार नापास व्हायची.

"तोतरी हाय आजून," तात्या म्हणत. "धार बोलली पाह्यजे."

आमच्याशी ती कधीच बोलली नाही. तात्यांशी मात्र तासन्‌तास बोलायची. एका लग्नाची ताटं साखरपुड्याला त्यांच्याकडे आली. ती तयार झाली तेव्हा घरच्यांनी बाळाचंही नाव त्यांवर घालून घेतलं, पुन्हा खेप नको म्हणून. एकदा छिन्नीच्या टोकावर माशी बसली. उडताना दोन उडाल्या. हे मी स्वतः मोजलंय.

एकदा तात्या दाढीला गेले, तर न्हाव्याच्या हातातला वस्तरा मागून घेतला, नखावर टेकवला आणि तोंड वाकडं करून तसेच दगडाकडे आले. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची निम्मी दाढी झालेली. त्या बिचाऱ्याने तशाच तोंडाने अख्खा बाजार केला. डावीकडून येणाऱ्यांनी रामराम घातला, उजवीकडून त्याला सख्ख्या सासऱ्यानेही ओळखलं नाही.

मग समोर विजेचं मशीन आलं. टर्र केलं की नाव तयार. गिऱ्हाईक माझ्याकडे भांडं घेई आणि नावासाठी रस्ता ओलांडी. मी म्हटलं, "तात्या, जरा हात चालवा आता."

"ते नाव घालत न्हाई," तात्या दगडावरून मान वर न करता म्हणाले, "खाजवतंय."

गंमत म्हणजे साऱ्या तालुक्याच्या भांड्यांवर नावं घालणाऱ्या या माणसाच्या घरात साध्या वाटीवरही नाव नव्हतं. लग्नाकार्याला दिलेली भांडी नाव बघून परत येतात. यांची यायची कशी? तात्यांची बायको, गिरजाकाकू, चुकून आलेल्या परक्या नावांच्या पातेल्यांत स्वयंपाक करायच्या. "काकू, आज कुणाच्यात शिजवलं?" असं विचारलं की दोन दिवस बोलायच्या नाहीत.

एका बाजारच्या दिवशी काकू सकाळीच तांब्याची कळशी घेऊन आल्या. त्यांच्या आईने दिलेली. खर्ड्याला भाचीचं लग्न होतं, पाण्याला कळशी न्यायची होती आणि टेम्पो दुपारी निघणार होता.

"आवं, नाव घाला. बिननावाची गेली तर परत यायची न्हाई. आईची तेवढीच राह्यलीय."

"घालतो की. धार बोलू दे."

दुपार झाली, टेम्पो येऊन उभा राहिला, तरी धार तोतरीच. काकूंनी एकदा टेम्पोकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. कळशी उचलली, रस्ता ओलांडला आणि थेट मशीनवाल्यापुढे नेऊन ठेवली.

पेठ जागच्या जागी थांबली. भजीवाल्याच्या कढईतली भजीसुद्धा तळायची थांबली. तात्या अनवाणी उठले, हातात छिन्नी. उद्या साक्षीला कोण जाणार, असा विचार करत मी मागे धावलो. पण तात्यांनी नुसती कळशी उचलली आणि तिचा गळा मला दाखवला. 'गिर' अशी दोन अक्षरं, आणि 'र'च्या डोक्यावरून पुढे गेलेला बोटभर ओरखडा.

"लग्नाच्या साली घालत हुतो. ही लई खुशीत, समोर बसलेली. धार बघायची राह्यली अन् छिन्नी घसरली." तात्या थांबले. "तिच्या आईची वस्तू."

"मी कवा काय म्हनले का?" काकू म्हणाल्या.

"न्हाई. म्हनून तर."

मशीनवाल्याने बटण बंद केलं.

पायरीवर येऊन तात्यांनी छिन्नी दोनदा घासली आणि सवयीने अंगठा पुढे केला. काकूंनी त्यांचा अंगठा बाजूला सारला आणि तिथे आपला ठेवला.

"तुमच्या नखाला ती खरं सांगत न्हाई. हितं बघा."

तात्यांनी टोक अलगद टेकवलं. रुतलं.

"बोलली," काकू म्हणाल्या.

टेम्पोवाला हॉर्न वाजवत बसला. तात्यांनी ओरखड्याखाली 'जा' असा घातला, की ओरखडा त्याच्या डोक्यावरची रेघ होऊन गेला. जरा लांब, पण रेघच. कळशी खर्ड्याला गेली आणि चौथ्या दिवशी परत आली.

काकूंच्या नखावरची रेघ वाढत वाढत टोकाला गेली आणि काही महिन्यांनी कापली गेली. त्या दिवशी काकू दुकानाशी आल्या. हातात भांडंबिंडं काही नव्हतं. तात्यांच्या पुढ्यात बसल्या आणि अंगठा पुढे केला.

"बघा बरं," म्हणाल्या, "बोलती का."