सकाळच्या वचनाची झडती

आमच्या मळवलीत सकाळी कुणी मोबाइलवर बुद्धाचं वचन टाकलं, की त्याचा चहा उकळायच्या आत दामूभाऊ दारात हजर. "हे बुद्ध कुटं बोलले, तेवढं सांगा."

भाऊ जन्मभर कारखान्यात क्वालिटीला होते. खोट असलेला माल पुढे सोडायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतर वचनांवर उतरली. भाज्याच्या लेण्यांकडे जाताना एका बंगल्याच्या फाटकावर बुद्धाच्या नावानं वचनाची पाटी होती. भाऊंनी खाली खडूनं लिहिलं, 'पुरावा?' मालकानं वैतागून तिथं कुत्र्यापासून सावध राहायची पाटी लावली. ती मात्र भाऊंनी बिनतक्रार मानली.

त्यांचं खरं वैर एकाच वचनाशी. 'कशावरही विश्वास ठेवू नका, मी सांगितलं तरी. तुमच्या बुद्धीला पटेल तेच माना.' भाऊंचा त्यावरही विश्वास नाही!

"अहो, वचन तरी तेच सांगतंय," मी म्हणालो.

"सांगतंय कुटं?" भाऊ आमच्या ओट्यावर येरझारा घालू लागले. "मूळ सुत्त, बुद्धांचं पालीतलं प्रवचन, वाचलंय मी. नुसतं बुद्धीला पटलं म्हणूनबी धरू नका, आसं हाय त्यात. आपल्या बुद्धीला काय, आपलं समदंच पटतंय!"

बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. नागपूरला दिलेली लेक, सुजाता, रोज सकाळी एक वचन पाठवायची. भाऊ उलट उत्तर धाडायचे, 'रिजेक्ट'. शेवटी तिनं लिहिलं, "आप्पा, तुम्ही उठलात का एवढंच कळावं म्हणून पाठवते. परीक्षा नका घेऊ." आणि पाठवणंच बंद केलं.

परवा सकाळी भाऊ आले ते फोन घट्ट धरून. बसा म्हटलं तर बसेनात.

"त्याच सुत्तात फुडं हाय. ज्यानं दुसऱ्याचं वाईट हुतं, ते सोडा. लय येळा वाचलं. पर लेकीच्या बाबतीत ध्यानातच आलं न्हाई बघा." मग हळूच म्हणाले, "मला एक वचन काढून द्या. तिला पाठवायचंय."

मी घाईघाईनं ग्रंथातलं, खात्रीचं शोधू लागलो. भाऊंनी माझा हात धरला.

"खरं नको. कमळाचं चित्र आसतंय बघा, तसलं द्या. तिला आवडतंय."

मी दिलं. त्यांनी एक अक्षर न तपासता पाठवलं आणि ओट्यावर बसले. दुपार झाली तरी उठले नाहीत. उत्तर आलं नाही तर रिकाम्या घरात ते कळायला नको, म्हणून बसले होते. मलाही त्यांना जा म्हणवेना.