दिवसा झोपणारा कॉम्प्युटर

ही गोष्ट २००७ सालची. त्या वर्षी नवीन विंडोज आलं होतं, आणि जुनं बरं चाललेलं असताना हे नवीन सगळ्यांनी घ्यायलाच हवं, असं कोणीतरी परस्पर ठरवून टाकलं होतं. भारतात फोन करायला अजून कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्ड आणावं लागे, आणि मुलाकडे राहायला येणारी आई बॅगेत भाजणी-मेतकूट कोंबून आणी. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला अनुपकडे त्याच्या आई, अरुणाताई, अशाच आल्या होत्या. भाजणीबरोबर त्यांनी एक बेतही आणला होता: मुलाला आणि सुनेला पुण्याला परत न्यायचं.

"कोथरूडचा फ्लॅट नुसता कुलपात पडलाय," त्या रोज जेवताना म्हणत. "आणि इथे काय आहे? चहा होतोय तोवर अंधार!"

"बघू गं आई," असं म्हणून अनुप पोळी मोडत राही. या खेपेला 'बघू' म्हणताना तो आईची नजर चुकवत होता, कारण पुण्याला परत जायची वेळ खरंच येऊ घातली होती.

अनुपची कंपनी एका मोठ्या क्लायंटच्या गावोगावच्या शाखांमधले कॉम्प्युटर सांभाळायची. रात्री शाखा बंद झाल्या की बेसिंगस्टोकहून नेटवर्कवर एक सिग्नल सोडायचा, झोपलेले कॉम्प्युटर उठवायचे, त्यांची साफसफाई करायची आणि पुन्हा झोपवायचे. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. नवीन विंडोज चढवलं आणि एकही कॉम्प्युटर उठेना. अनुपचा मॅनेजर कीथ अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "शुक्रवारी क्लायंटला काहीतरी दाखवायलाच हवं. नाहीतर ते जातील. आणि मग तुझ्या वर्क परमिटचं..." पुढचं तो बोललाच नाही. इंग्रज माणूस वाक्य अर्धवट सोडतो, तेव्हा उरलेल्या अर्ध्यातच खरं वाक्य असतं.

अनुपने घरच्या कॉम्प्युटरवर तेच विंडोज चढवलं आणि त्याच्यावर प्रयोग सुरू केले. तो कॉम्प्युटर बॉक्सरूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीत होता. तिथेच अरुणाताईंचा पलंग होता आणि फळीवर देव होते.

"आई, हा झोपलेला असेल. त्याला हात लावायचा नाही हं. मी ऑफिसमधून उठवणार."

"तिथून? हाका मारून?"

"तसंच समज."

अरुणाताईंनी कॉम्प्युटरवरच्या मंद उघडझाप करणाऱ्या नारिंगी दिव्याकडे पाहिलं. "एक डोळा किलकिला ठेवून कोण झोपतं? लबाड दिसतोय मेला." त्या दिवसापासून साडी बदलायच्या आधी त्या त्याच्यावर रुमाल टाकू लागल्या.

अनुपने ऑफिसमधून सकाळी सिग्नल सोडला. ढिम्म. दुपारी सोडला. ढिम्म. घरी येऊन त्याने नेटवर्क कार्ड बदललं, राउटर बदलला, केबलसुद्धा नवी आणली. दुसऱ्या दिवशीही तेच. पण संध्याकाळी, बाहेर अंधार पडल्यावर, निघता निघता त्याने शेवटचा म्हणून सिग्नल सोडला आणि घरचा कॉम्प्युटर चक्क उठून बसलेला दिसला! अनुप इतक्या जोरात ओरडला, की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने त्याचं अभिनंदन केलं. त्याला वाटलं, अनुपच्या बायकोला, वैभवीला दिवस गेले.

पुढच्या दिवशी सकाळी पुन्हा ढिम्म, अंधार पडल्यावर टुणकन जागा. त्याच्या पुढच्या दिवशी आभाळ काळंकुट्ट भरून आलं, आणि त्या दिवशी तर तो भर दुपारीच उठला.

"हवेशी संबंध आहे," अनुपने घरी येऊन जाहीर केलं. "फोनची वायर ओली झाली की सिग्नल बदलत असणार."

वैभवी भांडी विसळत होती. तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि आवाज खाली आणून ती अर्ध्या इंग्रजीत बोलू लागली. "हवा वगैरे काही नाही, अनुप. डोन्ट माइंड, पण आई दिवसभर एकट्या घरी असतात. तो त्यांच्याच खोलीत आहे. आपण परत जावं असं कोणाला वाटतं?"

"काहीतरीच!"

"सकाळी त्या बंद करत असतील. तू यायच्या सुमाराला परत सुरू करून ठेवतात, म्हणजे संशय नको. सिम्पल."

अनुपला हे पटलं नाही, आणि रात्रभर पटत राहिलं. सकाळी बूट घालता घालता त्याने विचारलं, "आई, तू कॉम्प्युटरची बटणं वगैरे दाबतेस का गं?"

"मी?" अरुणाताईंनी जपमाळ खाली ठेवली. "तुझ्या एकाही बटणाला माझं बोट लागलेलं नाही. देवासमोर सांगते. आणि हे बघ, दारं लोटून इंग्रजीत कुजबुजता ना, मला सगळं समजतं. डोन्ट माइंड म्हणे!"

शुक्रवारसाठी वैभवीनेच तोड काढली. तिने लायब्ररीतून रजा घेतली आणि सकाळीच अरुणाताईंना वॉटफर्डला त्यांच्या मावसबहिणीकडे, शशीमावशींकडे नेलं. घर रिकामं, घातपाताचा प्रश्नच मिटला.

अनुपने मीटिंग रूममध्ये कीथ आणि क्लायंटच्या बाईंसमोर घरच्या कॉम्प्युटरला सिग्नल सोडला. ढिम्म. "जरा अंधार पडू द्या," तो म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अंधार पडला. त्याने पुन्हा सिग्नल सोडला, मग पुन्हा. पडद्यावर काहीच हललं नाही.

"इंटरेस्टिंग," कीथ म्हणाला. कीथच्या तोंडून याहून कडक शब्द अनुपने कधी ऐकला नव्हता.

तिकडे वॉटफर्डला शशीमावशींनी देवापाशी दिवा लावला, आणि अरुणाताई एकदम चुळबुळायला लागल्या.

"वैभवी, आपण निघू या गं. तो तिथे झोपून राहिला असेल."

"कोण?"

"अगं, तुमचा कॉम्प्युटर! तिन्हीसांजेचं घरात कोणी लोळत पडलेलं चालतं का? लक्ष्मी यायची वेळ. मी दिवा लावते तेव्हा रोज त्याला उठवते."

"आई! तुम्ही तर म्हणालात, हात लावला नाही!"

"बटणाला नाही लावला. तो उंदीर आहे ना, त्याला जरा ढकलते. ऊठ रे बाबा म्हणते. उठतो बिचारा. त्या दिवशी आभाळ आलं तेव्हा जरा लवकरच उठवला, मला कळलंच नाही किती वाजले ते."

वैभवीने तिथल्या तिथे अनुपला फोन लावला. "अनुप, तो तुझ्या सिग्नलने एकदाही उठलेला नाही. तू पाहायचास तेव्हा तो आधीच उठलेला असायचा. आई उठवत होत्या."

अनुपने फोन ठेवला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याने कीथला सगळं सांगून टाकलं: दिवा, लक्ष्मी, तिन्हीसांज, उंदीर.

कीथने हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे बाहेरून कोणी हाक मारलीच नाही. घरातलंच कोणीतरी त्याला रोज ठरल्या वेळी उठवत होतं."

"हो. सॉरी."

"अनुप, प्रत्येक कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळ असतं."

नवीन विंडोजमध्ये कॉम्प्युटरला गजर लावायची सोय होती. ठरल्या वेळी आपणहून उठायचं, काम करायचं, पुन्हा झोपायचं. सगळे इतके दिवस बाहेरून हाका मारण्यात गुंतले होते, की त्याला स्वतःला उठता येतं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. अनुपने टेबलावरच्या कॉम्प्युटरला गजर लावला आणि त्याला झोपवलं. तिघं त्याच्याकडे पाहत बसले. थोड्याच वेळात पंखा घुरघुरला, आणि कॉम्प्युटर कोणीही न ढकलता उठला.

"लव्हली," क्लायंटच्या बाई म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच तसं वाटत होतं.

सिग्नल का पोचत नव्हता, ते पुढे वसंतात सापडलं. अपग्रेडने नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमधली एक बारीकशी खूण परस्पर काढून टाकली होती. पण तोवर सगळ्या शाखा गजरावर उठायला लागल्या होत्या. कीथ निवृत्त होऊन समुद्राकाठी राहायला गेला. तो दुपारभर झोपतो, असं त्याची बायको ख्रिसमस कार्डात लिहिते. वैभवीकडे पुढे लायब्ररीची आख्खी शाखा आली. सासूबाईंसमोर ती पुन्हा कधी इंग्रजीत कुजबुजली नाही. तिने घाईघाईने गुजराती शेजारणीकडून गुजराती शिकायला घेतलं. अनुपचं परमिट वाढलं, मग कायमचं झालं, मग घर झालं.

अरुणाताई मार्चमध्ये एकट्याच पुण्याला परतल्या. शशीमावशींशी फोनवर बोलताना एकदा त्यांचा सूर उतरला. "मी नुसता दिवा लावून गप्प बसले असते ना शशी, तर पोरं आज इथे असती."

"मग पुढच्या खेपेला झोपू दे की त्याला," शशीमावशी म्हणाल्या.

"अगं, पण असं कसं?" अरुणाताई म्हणाल्या. "तिन्हीसांजेला?"