शिस्तबद्ध दरोड्याचं अपील

सशस्त्र दरोड्यात सहभाग घेतल्याबद्दल सात वर्षांची सक्तमजुरी झालेल्या एका शिंप्याने वरच्या न्यायालयात अपील केलं. गुन्हा गंभीर होता. त्याने दरोडेखोरांना रांगेत उभं केलं होतं.

त्याचं असं झालं. हे शिंपी मास्तर बँकेत पासबुक भरायला गेले. कापड असो वा माणसं, वाकडी रेघ त्यांना खपत नसे. म्हणून स्वतःचं काम झाल्यावरही ते रांग सरळ करत थांबले. स्वभावाला औषध नाही. तेवढ्यात तोंडाला रुमाल बांधलेले तिघे पिस्तूल घेऊन घुसले आणि थेट खिडकीकडे निघाले.

"अहो, ही माणसं काय इथे माशा मारतायत?" मास्तर म्हणाले. "मागे व्हा."

दरोडेखोरांनाही कुणा आईनेच वाढवलेलं असतं. ते ओशाळून मागे उभे राहिले. यथावकाश त्यांची पाळी आली तेव्हा मास्तर म्हणाले, "चला, आता तुमचा नंबर." या चार शब्दांवर खटला उभा राहिला. तिघे पसार झाले आणि मास्तर जागेवरच सापडले, त्यामुळे पुरावा फारसा शोधावा लागला नाही.

अपिलाच्या दिवशी मास्तरांची बायको इस्त्री केलेला सदरा घेऊन मागच्या बाकावर बसली होती. सुटलेच, तर तुरुंगाच्या कपड्यांत त्यांना घरी न्यायचं नव्हतं.

"गोंधळ झाला असता तर दरोडा फसला असता," सरकारी वकील म्हणाले. "आरोपीने गोंधळ होऊ दिला नाही. इतकं सुरळीत कामकाज बँकेत पूर्वी कधीच झालं नव्हतं, असं खुद्द कॅशियर सांगतात."

मास्तरांच्या वकीलबाई उठल्या. "उलट माझ्या अशिलाने दरोडा पाऊण तास लांबवला! तेवढ्यात कुणीही बाहेर जाऊन पोलिसांना बोलावू शकलं असतं."

न्यायमूर्तींनी चष्मा काढला. "मग बोलावलं का नाही?"

दरोडेखोरांच्या अगदी पुढे उभ्या असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकेला पुन्हा साक्षीला बोलावण्यात आलं.

"बाहेर गेले असते तर नंबर गेला असता ना!" बाई म्हणाल्या. "त्या मुलाला मी समजावलं हो, बाबा रे, हे बरं नाही. तर म्हणतो, मावशी, तुमची पिशवी जड आहे, मी धरतो. धरली बिचाऱ्याने."

"पिस्तूल धरलेल्या हातात?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"छे, पिस्तूल मी धरलं होतं. एकट्याने तो काय काय सांभाळणार?"

निकाल लागला. सहभाग सिद्ध होता, परंतु तो एकट्याचा नव्हता. रांगेतल्या आणि खिडकीमागच्या प्रत्येकाने आपापल्या जागेवरून दरोड्याला सहकार्य केलं होतं. सबब शिक्षा सर्वांत समान वाटावी. अपिलार्थीने आपला वाटा केव्हाच भोगलेला असल्याने त्याला सोडावं. मात्र त्याआधी इतरांची हरकत ऐकून घ्यावी.

संध्याकाळी मास्तरांच्या दारात चपलांचा ढीग पडला.

"वहिनी, पहिला निकाल चुकलाच," कॅशियर म्हणाला. "तुमच्यावर केवढा अन्याय झालाय! पण आमच्या घरी लहान मुलं आहेत हो. मास्तरांना एव्हाना तिथली सवय झाली असेल."

"माझे गुडघे तू पाहतेच आहेस, पोरी," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, तेवढं निभावून न्या. सज्जन माणूस आहे, नाही म्हणणार नाही."

मास्तरांच्या बायकोने सगळ्यांना पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "देवाची भीती नाही वाटत?"

"वाटते ना!" सगळे एका सुरात म्हणाले. "म्हणून तर आधी देवळात जाऊन आलो."

सर्वांची शिक्षा मास्तरांनाच एकत्रित द्यावी, असा हरकतीचा अर्ज गेला. मास्तरांच्या सहनशीलतेवर त्यात एक अख्खा परिच्छेद होता, आणि तो लिहिताना कॅशियरचे डोळे पाणावले होते म्हणतात. जे त्या दिवशी बँकेत नव्हतेच, त्यांनीही सह्या केल्या. न जाणो, उद्या आपल्यावर शेकलं तर! न्यायालयाने लोकभावनेचा आदर राखला.

अर्ज अजून खुला आहे. मास्तरांबद्दल ज्यांचा जीव हळहळला असेल, त्यांच्यासाठी शेवटी वेगळी जागा सोडली आहे. सही तीच, फक्त हळहळून करायची.